ओळ दाखवा

मुक्तस्रोत आज्ञावलींचा विषय मराठीच्या चर्चासत्रात निघाला, की दहा मिनिटांच्या आत कोणीतरी पंढरपुरास पोचतो. लिनक्स म्हणजे वारी. ती कोणाच्या मालकीची नाही, तिला निमंत्रण लागत नाही, जो तो आपापला अभंग गात चालतो. मालकी सांगणाऱ्या कंपन्या म्हणजे बडवे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये बडव्यांचा दावा जसा फेटाळला, तसाच अमेरिकेतल्या न्यायालयांनी लिनक्सवर हक्क सांगणाऱ्या कंपनीचाही फेटाळला. सबब ज्ञान कोणाच्या बापाचे नसते हे दोन्हीकडे सिद्ध झाले. टाळ्या पडतात, चहा येतो.

आम्ही विलेपार्ल्यात आणि आसपासच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे काही अध्यापक आहोत. ही उपमा आम्ही उजळणी वर्गांत ऐकली आहे, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत वाचली आहे, आणि एका प्रबंधाच्या उपसंहारातही ती आम्हांला भेटली आहे. ती गोड आहे यात शंका नाही. परंतु ज्या खटल्याच्या आधारावर ती उभी केली जाते, तो खटला या उपमाकारांपैकी कोणी वाचलेला दिसत नाही. त्या खटल्यात लिनक्सवाल्यांनी मालकी नाकारली नव्हती. त्यांनी मालकीचा पुरावा मागितला होता, आणि तो तपासण्याइतकी अक्कल व चिकाटी आपल्याजवळ आहे हे दाखवून दिले होते. या दोन गोष्टींत जे अंतर आहे, त्या अंतरात आज मराठी साहित्याचा सगळा अभ्यास अडकून पडला आहे असे आमचे म्हणणे आहे. म्हणून ही कथा जरा सावकाश सांगतो.

प्रत्येक आज्ञावलीचे दोन देह असतात. एक, माणसाने लिहिलेली आणि माणसाला वाचता येणारी मूळ संहिता; दुसरा, यंत्राला कळेल असे तिचे रूपांतर. बहुतेक कंपन्या दुसरा विकतात आणि पहिला कुलपात ठेवतात. लिनक्सची मूळ संहिता मात्र फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये खुली केली, आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तिच्यात भर घातली. तिच्याआधीची, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळांत जन्मलेली युनिक्स ही प्रणाली वेगळी. तिचे हक्क हस्तांतरित होत होत नॉव्हेल या कंपनीकडे आले होते. नॉव्हेलने १९९५ मध्ये युनिक्सचा व्यवसाय सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीस विकला. (आमच्या पुढच्याच स्टेशनाचे नाव पाहून कोणी दचकू नये, हे सांताक्रूझ कॅलिफोर्नियातले.) तिच्याकडून तो २००१ मध्ये काल्डेरा या कंपनीने घेतला. काल्डेराचा धंदा लिनक्स विकण्याचाच होता. २००२ मध्ये तिने आपले नाव बदलून एस. सी. ओ. ग्रुप असे केले, आणि मार्च २००३ मध्ये आय. बी. एम.वर शंभर कोटी डॉलरांचा दावा लावला. आय. बी. एम.ने युनिक्समधल्या गोष्टी लिनक्समध्ये घातल्या, असा आरोप होता. रक्कम पुढे पाचशे कोटींपर्यंत चढली. मे महिन्यात सुमारे दीड हजार कंपन्यांना पत्रे गेली, की लिनक्स वापराल तर तुम्हीही जबाबदार ठराल. ऑगस्टमध्ये परवान्याचा भाव फुटला: एका प्रोसेसरच्या सर्व्हरमागे ६९९ डॉलर, काही आठवड्यांनी १,३९९. दावा काय, धमकी काय, भाव काय, सगळे आले. एकच गोष्ट आली नाही. कोणती ओळ चोरली, ती ओळ.

इथे आमच्या उपमाकारांनी क्षणभर थांबावे. वारीतल्या माणसाने अशा वेळी काय म्हटले असते? ‘माउलीची मालकी कोणाची?’ असे म्हटले असते, आणि ते त्याच्या जागी योग्यच ठरले असते. लिनक्सवाले म्हणाले, ‘ओळ दाखवा. तुमची असेल तर आजच काढून टाकतो.’ हा भक्ताचा उद्गार नाही, संपादकाचा आहे.

ऑगस्ट २००३ मध्ये लास व्हेगासला कंपनीने आपल्या मेळाव्यात अखेर काही ओळी पडद्यावर दाखवल्या. त्या दाखवल्या कशा, ते मराठी टंकलेखनाचा जुना अनुभव असलेल्यांनी नीट ऐकावे. संहितेतल्या काही भागाचा टंक बदलून तो ग्रीक अक्षरांत टाकला होता, म्हणजे पाहणाऱ्याला दिसावे पण वाचता येऊ नये. कोणीतरी पडद्याची छायाचित्रे काढली, ती प्रसिद्ध झाली, आणि लोकांनी ग्रीक अक्षरे परत रोमन करून घेतली. जे हाती लागले ते ब्रूस पेरेन्स या जुन्या कार्यकर्त्याने आणि इतरांनी मिळून तपासले. एक तुकडा स्मृतीची जागा वाटून देणाऱ्या जुन्या संहितेचा होता. तो १९७० च्या दशकातल्या युनिक्सपर्यंत मागे जात होता. आणि त्या जुन्या युनिक्सच्या आवृत्त्या खुद्द काल्डेराने जानेवारी २००२ मध्ये मुक्त परवान्याखाली सोडून दिल्या होत्या. दुसरा तुकडा मुळात बर्कली विद्यापीठाच्या परंपरेतला, आणि लिनक्समधले त्याचे रूप स्वतंत्रपणे पुन्हा लिहिलेले. चोरीचा माल म्हणून जो पडद्यावर मांडला, त्यातला एक दान केलेला निघाला आणि दुसरा मुळात यांचा नव्हताच.

सगळा समाज धुतल्या तांदळासारखा होता, असे मात्र कोणी समजू नये. पहिला तुकडा लिनक्समध्ये सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीमार्फत आला होता. त्या कंपनीने स्वतःची सगळी देणगी पुन्हा चाळली, काही किरकोळ तुकडे सारखे आढळले हे जाहीर पत्रात मान्य केले आणि ते काढून टाकले. मराठीत असा जाहीर खुलासा एखाद्या प्रकाशनसंस्थेने केलेला कोणाच्या स्मरणात असेल तर आम्हांला कळवावे.

डिसेंबर २००३ मध्ये कंपनीने आणखी एक यादी पाठवली. तीत काही शीर्षक-फायलींची नावे होती. त्या युनिक्समधून उचलल्या आहेत असे म्हणणे होते. टॉरवाल्ड्स यांनी दिलेले उत्तर कोणत्याही एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सेचा धडा म्हणून शिकवावे अशा योग्यतेचे आहे. त्यांनी १९९१ च्या आपल्या पहिल्या आवृत्त्या उघडल्या आणि यादीतल्या काही फायली मुळात आपण कशा लिहिल्या ते दाखवले. त्यातल्या एकीतली रचना इतकी ओबडधोबड होती, की ती लाज वाटण्यासारखी असली तरी आपलीच आहे, अशी त्यांची साक्ष होती. चुकांवरून वंशावळ ठरते. दोन पोथ्यांत योग्य पाठ सारखा असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण योग्य पाठ कोणालाही सुचू शकतो. पण दोन्हींत तोच प्रमाद त्याच जागी असेल तर नाते पक्के. आणि एकीतला प्रमाद दुसरीत नसेल, तर नाते सांगणाऱ्याला आधी त्याचा जबाब द्यावा लागतो. पुण्यात भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांवर याच तर्काने बसले होते. त्या कामाला १९१९ मध्ये आरंभ झाला होता आणि ते पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. सुकथनकर १९४३ मध्येच गेले. आम्ही हे नाव पदव्युत्तर वर्गात घेतो तेव्हा किती चेहऱ्यांवर ओळख उमटते, ते इथे लिहीत नाही.

त्याच १९९१ च्या लिनक्समधली चूक-क्रमांकांची फाईल उघडून पाहावी. तीत टॉरवाल्ड्स यांनी एक टीप ठेवली आहे: या क्रमांकांविषयी दुसरी माहिती हाताशी नसल्यामुळे मिनिक्स या प्रणालीचेच क्रमांक वापरावे लागले, अशा आशयाची. एकवीस वर्षांचा मुलगा, कोणी विचारलेले नसताना, कोणी वाचेल याची खात्री नसताना, उसने कोठून घेतले ते लिहून ठेवतो. आमच्याकडे विद्यावाचस्पती पदवीच्या प्रबंधात तळटीप मागितली तर मार्गदर्शकालाच ‘फार तांत्रिक’ म्हणतात.

खटला जसजसा वाढला तसतसे वाचणारेही वाढले. पामेला जोन्स नावाच्या, वकिलांच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईंनी मे २००३ मध्ये ग्रोकलॉ नावाचे संकेतस्थळ काढले आणि ते दहा वर्षे चालवले. तिथे स्वयंसेवक युटाच्या न्यायालयात प्रत्यक्ष जाऊन कागद आणत, ते अक्षरशः उतरवून काढत, जुने करार शोधत, तीस वर्षांपूर्वी युनिक्सवर काम केलेल्या माणसांना प्रश्न विचारत. प्रोग्रामरांनी कायदा शिकून घेतला, कायदेवाल्यांनी संहिता. शिवीगाळही भरपूर झाली, हे सांगितले पाहिजे. कंपनीच्या संकेतस्थळावर २००३ मध्ये वारंवार हल्ले झाले. २००४ च्या आरंभी मायडूम नावाच्या विषाणूने ते बंद पाडले. तो कोणी लिहिला ते आजतागायत कळलेले नाही. मुक्तस्रोतवाल्यांतल्या जाणत्यांनी या हल्ल्यांचा उघड निषेध केला, कारण आपण वाचून जिंकू शकतो असा त्यांना विश्वास होता. आम्हांला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा विश्वास.

न्यायालयानेही अखेरीस तोच प्रश्न विचारला. जून २००६ मध्ये दंडाधिकारी न्यायाधीश ब्रुक वेल्स यांनी कंपनीने मांडलेल्या २९४ बाबींपैकी निम्म्याहून अधिक बाबी काढून टाकल्या. कारण काय, तर आय. बी. एम.ने नेमके काय घेतले हे कोठेच स्पष्ट सांगितलेले नव्हते. दुकानात एखाद्याला चोर म्हणून पकडावे, आणि काय चोरले असे त्याने विचारल्यावर ‘ते तुलाच ठाऊक’ म्हणावे, असा हा प्रकार झाला, अशा अर्थाचा दृष्टान्त त्यांनी दिला. पुढे तर युनिक्सचे स्वामित्वहक्क कंपनीकडे आले होते की नाही हाच वाद उभा राहिला, कारण १९९५ च्या खरेदीखताच्या परिशिष्टात ते वगळले होते. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीश किंबॉल यांनी हक्क नॉव्हेलचेच असा निर्णय दिला, सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अपिलात तो निर्णय फिरला, मग मार्च २०१० मध्ये ज्यूरीने पुन्हा नॉव्हेलच्या बाजूने कौल दिला. आय. बी. एम.शी शेवटची तडजोड झाली ती २०२१ मध्ये, १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरांवर. अठरा वर्षे. पाचशे कोटींपासून निघालेली वरात इथे थांबली.

तर ‘ज्ञान कोणाचेच नसते’ हा या खटल्याचा निष्कर्ष कोठून निघाला? न्यायालय म्हणाले, हक्क आहे, पण तो तुमचा नाही. लिनक्सवाल्यांची सगळी तटबंदीच स्वामित्वहक्कावर उभी आहे. जी. पी. एल. नावाचा जो परवाना लिनक्सला लागू आहे, तो असे म्हणत नाही की ही संहिता बेवारस आहे. तो म्हणतो, ही माझी आहे; म्हणूनच मी तुम्हांला ती वाचण्याची, बदलण्याची, वाटण्याची मुभा देतो, अट एवढीच की पुढच्यालाही तीच मुभा द्यायची. लेखकाचा हक्क उडवून लावला तर ही अट घालणारा कोण उरतो? आय. बी. एम.ने उलट दाव्यात हेच शस्त्र उपसले: तुम्हीच लिनक्स विकत होता, तेव्हा परवाना तुम्हांलाही बांधील आहे. हा परवाना अमेरिकेच्या राज्यघटनेविरुद्ध आहे, असे कंपनीच्या प्रमुखाने डिसेंबर २००३ मध्ये जाहीर पत्र काढून म्हटले, ते काही उगाच नव्हे. दुखते कोठे ते त्यांना बरोबर कळले होते. आमच्या चर्चासत्रांना मात्र कळलेले नाही.

या सगळ्यातून लिनक्सच्या घरात एक नवी शिस्तही आली. २००४ पासून तिच्यात भर घालणाऱ्या प्रत्येकाने आपल्या बदलाखाली नाव व पत्ता लिहून एक ओळ जोडायची असते. हे मी लिहिले आहे, किंवा ज्याच्याकडून आले ते देण्याचा मला हक्क आहे, अशी ती साक्ष असते. तो बदल पुढे ज्याच्या हातून जाईल तोही आपली सही खाली ठेवतो.

सही ठेवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मूळचा शुद्ध होता पण पाठांतरांनी बिघडला होता, असे त्यांनी नोंदवले, साल सांगितले, नाव सांगितले, आणि यापुढे कोणी आपली ओवी रचून यात घालू नये अशी ताकीद दिली. वारकरी परंपरेतला सर्वांत मोठा ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो असा, एका जबाबदार माणसाच्या सहीनिशी. वारीची उपमाच द्यायची तर निदान ही द्यावी. पुढे १८६९ मध्ये मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांच्या गाथेचा पहिला खंड निघाला तोही पोथ्या जुळवून. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली ज्ञानेश्वरी छापली. तिच्यावर वाद झाले, आणि ते होऊ शकले कारण आपण कोणती पोथी घेतली ते त्यांनी सांगितले होते. ज्याचा उगम सांगितलेला नाही त्याच्याशी वादही घालता येत नाही.

आज काय आहे? विद्यार्थी ज्ञानेश्वरीतली ओवी उद्धृत करतात, तिच्याखाली संकेतस्थळाचा पत्ता देतात, आणि ती राजवाडे प्रतीतली की साखरे प्रतीतली हे त्यांना ठाऊक नसते. त्या संकेतस्थळालाही नसते. दोन्ही प्रतींत ओव्यांची संख्यासुद्धा सारखी नाही. साने गुरुजींचे लेखन २०११ च्या १ जानेवारीस स्वामित्वहक्कातून मोकळे झाले, कारण आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी तो हक्क संपतो. तेव्हापासून ‘श्यामची आई’ कोणीही छापावी. छापतातही, स्वस्त छापतात, आणि त्याचा आम्हांला आनंदच आहे. पण कोणत्या आवृत्तीवरून छापले हे सांगण्याची गरज किती जणांना वाटते? हक्काचा पहारा उठला, की संपादकाचा पहारा बसायला हवा. आपण दोन्ही उठवले आणि त्याला मुक्ती म्हटले.

पार्ल्यात स्वामित्वहक्काचा विषय काढला, की बोलणे पु. लं.वर येणारच, त्यांचे बालपण इथले. ते आले, की पाठोपाठ सुनीताबाई येतात. परवानगीच्या बाबतीत त्या काटेकोर होत्या हे मराठी जगाला ठाऊक आहे, आणि त्यावरून त्यांना नावे ठेवणे हा आपल्याकडचा एक जुना करमणुकीचा प्रकार आहे. २००९ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर भ्रमणध्वनीवरून पु. लं.च्या नावाने जे फिरू लागले ते वाचावे: पु. लं.नी कधी न लिहिलेले विनोद, त्यांना न शोभणारी सुभाषिते, खाली ठळक अक्षरांत त्यांचे नाव. व. पु. काळ्यांचीही तीच गत. हे मजकूर आम्हांला मराठीच्या प्राध्यापकांकडूनच येतात. आम्ही पुस्तकाचे नाव आणि पान विचारले, तर उत्तर येते, ‘भावना समजून घ्या.’ सुनीताबाईंनी पान विचारले असते.

आता अक्षरांकडे येऊ, कारण ग्रीक टंकाचा तो खेळ आपल्याला परका वाटू नये. आमच्या विभागाच्या वार्षिकाचे सहा-सात अंक १९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणकावर जुळवले गेले. वापरलेली मराठी आज्ञावली एका कंपनीची. ती चालायला संगणकाच्या छपाईयंत्राच्या खाचेत एक कुलूपवजा ठोकळा बसवावा लागे. संगणक मोडीत निघाला, ठोकळा गहाळ झाला, नव्या यंत्रांना ती खाचच नाही. फायली आहेत, उघडल्या, की रोमन चिन्हांची गचडी दिसते. कंपनीकडे विचारले तर नवी आवृत्ती विकत घ्या असा सल्ला मिळाला, आणि ती घेऊनही जुने उघडेल याची हमी नाही. शेवटी एका विद्यार्थ्याने छापील अंक शेजारी ठेवून कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता केला. तरी रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो आणि ऱ्हस्व वेलांटी आधीच्या अक्षरास चिकटते, कारण त्या टंकात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली नाहीत, दिसण्याच्या क्रमाने साठवलेली आहेत. लेख आमच्या विद्यार्थ्यांचे, अंक आमचा, आणि किल्ली तिसऱ्याकडे. अशी मराठी संहिता महाराष्ट्रभर किती पडली असेल! छापखाने, मासिके, गावोगावच्या साहित्यसंस्था, साऱ्यांचे तेच. लास व्हेगासला वेषांतर मुद्दाम केले होते, इथे ते कोणी न करताच झाले, एवढाच फरक. आणि आमच्याकडे छायाचित्रे काढून ती उलगडणारे कोणी रांगेत उभे नव्हते.

याच परिसरातली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. जुहू-पार्ले योजनेच्या अंगाला, गुलमोहर मार्गावर, एन. सी. एस. टी. ही सरकारी संस्था होती. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथे र. कृ. जोशी बसत. कवी, सुलेखनकार, आय. आय. टी.तले अक्षरगुरू. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधून घराघरांत पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनी घडवला. तो कंपनीच्या मालकीचा. ‘रघु’ हा टंकही त्यांचाच, आणि तो जी. पी. एल.खाली खुला. हात तोच, अक्षरे तीच, परवाने दोन. २००८ मध्ये जोशी गेले. मंगलमध्ये लाखो मराठी माणसांनी आपले अर्ज, पत्रे, कविता लिहिल्या. तो टंक काढणारा एक मराठी कवी होता हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुलांना नवल वाटते. आमच्या मुक्तिवादी मित्रांनाही वाटते. मालकीचा टंक असो वा मुक्त, कर्त्याचे नाव विसरण्यात आपण समदर्शी आहोत.

शेजारच्या भाषेत असा तंटा उघड्यावर आला होता. बांगलादेशात २०१० मध्ये ‘बिजॉय’ या बंगाली कळपाटाचे मालक मुस्तफा जब्बार यांनी ‘अभ्र’ या विनामूल्य आज्ञावलीवर चोरीचा आरोप केला आणि स्वामित्वहक्क कार्यालयाकडे तक्रार नेली. ‘अभ्र’ २००३ मध्ये मेहदी हसन खान या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने काढली होती. भाषा मुक्त असावी अशा घोषणेने तिथले तरुण पेटून उठले. ते पेटणे समजण्यासारखे होते. भाषेसाठी रक्त सांडलेला तो देश. पण कळींचा क्रम ही कोणाची मालमत्ता होऊ शकते का, आणि दोन क्रमांत साम्य किती, हा खरा प्रश्न शेवटपर्यंत तडीस गेला नाही. जूनमध्ये तडजोड झाली आणि अभ्रने वादातला कळपाट ऑगस्टपर्यंत काढून टाकला. खान यांना २०२५ मध्ये एकुशे पदक मिळाले, याचा आनंद आहेच. निवाडा मात्र झाला नाही.

त्याच्या उलट दिल्लीचे उदाहरण पाहा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका छायाप्रतीच्या दुकानावर दावा लावला, तेव्हा विद्यार्थी आणि अध्यापक नुसते घोषणा देत बसले नाहीत. ते खटल्यात पक्षकार झाले आणि त्यांनी स्वामित्वहक्क कायद्याचे ५२ वे कलम शब्दशः वाचून दाखवले. अध्यापनासाठी प्रती काढण्याची मुभा तिथे लिहिलेलीच होती. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मान्य केली, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. त्या कलमाच्या जोरावर आज आम्ही सारे वर्गात छायाप्रती वाटतो. ते वाचलेले किती, हा प्रश्न आम्ही एका शिक्षकांच्या सभेत विचारला. उत्तरादाखल संतवचन आले.

आमच्यावर होणारा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. साहित्याच्या माणसांना तुम्ही कारकून करता, उगमाच्या नोंदी ठेवण्यात रसिकता मरते, असे एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले. आम्ही त्यांना एवढेच विचारले, की सर, आपण मघाशी ज्या कवितेवर रसिकतेने बोललात तिच्या तिसऱ्या कडव्यात छापील संग्रहात वेगळा शब्द आहे. आपण कोणत्या शब्दावर बोललात? सर रागावले. रागावण्याचा त्यांना हक्क आहे. पण शब्द कोणता, याचे उत्तर अजून आलेले नाही.

या वर्षापासून आमच्या विभागात प्रकल्प घेताना तीन गोष्टी पहिल्या पानावर मागत आहोत: संहिता कोणत्या आवृत्तीतून घेतली, ती विद्यार्थ्याने स्वतः पाहिली की दुसऱ्याच्या उद्धरणातून उचलली, आणि टंकलेखन कोणी केले. फाईल युनिकोडमध्येच हवी. वार्षिकाच्या जुन्या अंकांपैकी दोन आतापर्यंत छापील प्रतीशी ताडून झाले आहेत. उरलेल्यांसाठी माणसे हवी आहेत. रविवारी सकाळी दहा ते एक बसतो. रफार जागेवर आणण्याइतके मराठी आणि थोडी सबुरी, एवढीच पात्रता.